ओहटीला नाय

"दोन्हीकडे लावतेस ना गं ते तेल?" हुस्नबानोने विचारलं. तोंडात टाचण्या असल्यामुळे प्रश्न अर्धा दातांतच राहिला. चारुताला तो नीट ऐकू आला नाही, आणि आला असता तरी ती त्यावर थांबली नसती, कारण त्याच्या आधीचं वाक्य अजून तिच्या अंगावरून उतरलं नव्हतं. "अल्ला, चारुता, भरलीस की गं तू," असं हुस्नबानो छातीभोवती टेप आवळताना म्हणाली होती. पनवेलच्या मोहल्ल्यातल्या त्या दहा बाय आठच्या दुकानात चारुता लग्न झाल्यापासून ब्लाऊज शिवून घेत होती. सोळा वर्षं वहीत तिच्या नावापुढे छातीचा एकच आकडा होता. दरवेळी हुस्नबानो टेप लावल्यासारखं करी, जुन्या आकड्यावर पेन टेकवी आणि म्हणे, "तेच." वाढदिवस झाले, बाळंतपण झालं, चाळिशी दाराशी आली, पण 'तेच' काही बदललं नाही. आज मात्र तिने दोनदा मापलं. मग टेप गळ्यात टाकून अंगठ्याने डाव्या बाजूला जरासं दाबलं, कापडाचा पोत बघावा तसं, आणि म्हणाली, "डावीकडच्या टक्साला कपडा जास्त सोडावा लागेल. उजवी तेवढीच आहे." तेव्हा चारुताला हसूच फुटलं. इतके दिवस पोटात दाबून ठेवलेलं तिने एका दमात सांगून टाकलं, की आपा, एक तेल लावतेय, पाच महिने झाले, कुणाला सांगू नकोस.

"दोन्हीकडे लावतेस ना?" हुस्नबानोने पुन्हा विचारलं.

"दोन्हीकडे. सारखंच. थेंब मोजून घेते."

"मग एकाच बाजूला कसं लागू पडलं?"

हुस्नबानोने टाचण्या एकेक करून तोंडातून काढल्या आणि टाचण्यांच्या गादीला टोचल्या. समोर अंजिरी रंगाचं कापड पसरलेलं होतं, वरदच्या लग्नासाठी घेतलेलं. वरद म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, सत्यजीतच्या भावाचा मुलगा, लग्न पंधरा दिवसांवर. हुस्नबानोने त्या कापडाची घडी घातली. "मी हे आत्ता कापत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरला दाखवून ये. मग कापते. एकदा कैची लागली की मग कपडा पहिल्यासारखा होत नाही, चारुता." चारुता म्हणाली, आपा, तुझं काहीतरीच. पण हुस्नबानो तिच्याकडे बघत नव्हती, घडीवरून हात फिरवत होती. तिचा हात असा विनाकारण फिरताना चारुताने कधी पाहिला नव्हता.

बाहेर नोव्हेंबरचं स्वच्छ ऊन होतं. शेअर रिक्षात मधल्या जागेवर अंग चोरून बसताना चारुताला आधी राग आला. बाई जळली, दुसरं काय! सोळा वर्षं 'तेच' म्हणायची सवय लागलेली, आता नवा आकडा लिहायला हात जड झाला. कुणाचं चांगलं झालेलं कुणाला बघवत नाही. असं मनातल्या मनात बरंच बोलून झाल्यावरही तो प्रश्न तिथेच होता. एकाच बाजूला कसं. तिला हे माहीत नव्हतं असं नाही. तिच्या हाताला ते श्रावणापासूनच माहीत होतं. पण हाताला माहीत असलेलं आणि तोंडाने बोललेलं यात फरक असतो. बोलल्यावर त्याला दुसरा माणूस साक्षीदार होतो. रिक्षा पुलावर आली. खाली खाडीला मिळणाऱ्या गाढी नदीचं पात्र अर्धं उघडं पडलेलं होतं. चारुताने न बघताच म्हटलं, ओहोटी.

न बघताच. हे तिला हल्ली येऊ लागलं होतं, आणि त्याचं तिला सुरुवातीला कौतुक वाटलं होतं. खरं तर तिचं खाडीशी काय नातं? ती कराडची. तिथे नदी एकाच दिशेला वाहते आणि उलटी फिरत नाही. पनवेलला आल्यावर पहिल्या वर्षी सत्यजीतने पुलावर गाडी थांबवून दाखवलं होतं, बघ, पाणी मागे चाललंय, आणि ती घाबरून म्हणाली होती, हे काय अभद्र. तो खूप हसला होता. सत्यजीत हसरा माणूस. त्याने तिला कधी काही बोलून दाखवलं नाही, याची चारुता देवासमोर शपथ घेईल. बोलल्या त्या वसुंधराबाई, तिच्या सासूबाई, आणि त्याही चांगल्याच मनाने. बघायला आले तेव्हा चहाचा ट्रे ठेवून ती आत वळली आणि पाठीमागून आवाज आला, "अंगाने किरकोळ आहे. पण भरेल." सगळ्यांनी मान डोलावली. जणू ती मुलगी नव्हती, कोठी होती. मग तो शब्द घरात राहायलाच आला. दिवाळीला, डोहाळजेवणाला, आरशासमोर, कुणी ना कुणी म्हणायचं, भरेल हळूहळू. रेवा झाली तेव्हा तर सगळे वाटच बघत होते. पण दूध आलं ते एवढंसं, आणि दीड महिन्यात तेही गेलं. पावडरचा डबा आणायला सत्यजीत गेला तेव्हा वसुंधराबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "नाही भरलं." बास, दोन शब्द. पुढे त्या वारल्या, रेवा बारा वर्षांची झाली, पण ते दोन शब्द तेवढे वारले नाहीत. चारुताला कधी कधी वाटे, कपाटाचं दार उघडलं तर आत हँगरला ते लटकत असतील.

तेव्हापासून तिने काय काय केलं ते सांगायला बसलं तर हसूही येतं आणि रडूही. मेथी रात्रभर भिजवून सकाळी ते पाणी. बडीशेपेचा काढा. शतावरी दुधातून, खजूर तुपातून. दोन्ही तळवे छातीसमोर एकमेकांवर दाबून शंभर आकडे मोजायचे, ते तर ती खारघरला कॉलेजच्या लायब्ररीत, जिथे ती नोकरीला होती, जुन्या मासिकांच्या कपाटामागे उभी राहून करायची. प्रार्थना करतेय असं समजून एक प्राध्यापक आदराने पाय न वाजवता निघून गेले होते. फोनवर एक बाई सदा हसत असायची, खालून वर, बाहेरून आत, सावकाश, मैत्रिणींनो, निसर्गावर विश्वास ठेवा. चारुताने ठेवला. सकाळचं मेथीचं पाणी इतकं अंगात मुरलं की एकदा सत्यजीत घरात शिरताच खूश होऊन म्हणाला, "लाडू केलेस?" कशानेही काही झालं नाही. हुस्नबानोचं 'तेच' दर दिवाळीला पक्कं होत गेलं.

आणि मग तिला ठमाबाय आठवली. रेवाच्या वेळी मालिशीला यायची ती खाडीकाठच्या गावातली बाई. काळीसावळी, बुटकी, तळहात उलथन्यासारखे रुंद. तिचा हात अंगावर पडला की चारुताला वाटे, आपल्याला आता काही ठरवायला नको. मालिश करताना ठमाबाय कधी अंगाकडे बघत नसे, भिंतीकडे नाहीतर खिडकीकडे बघत असे, आणि हात आपला आपण चालत असे. एकदा दूध साकळून गाठ झाली होती, चारुता रडत होती, तेव्हा ती म्हणाली होती, "भिऊ नको बाय, दुधाची हाय. चोलली का जाते." आणि खरंच गेली. त्या आठवणीवरच चारुताने आषाढात तिला फोन लावला. गॅलरीत उभी राहून, दार ओढून घेऊन, अर्ध्या अर्ध्या शब्दांत विचारलं, अंग भरायला काही तेल असतं का. पलीकडे वारा होता. ठमाबाय खाडीच्या बांधावर असावी. वाऱ्यातून तुकडे आले. "तेल देते गो... पन भरतीवर... ओहटीला नाय... हात लाव..." मग फोन गेला. दुसऱ्या दिवशी तिची सून दिपिका, स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसते ती, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत पिवळसर तेल देऊन गेली. "सासूबायनं दिलंय," एवढंच म्हणाली.

भरतीवर, ओहटीला नाय, हात लाव. चारुताला एवढं पुरेसं होतं. उलट इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी खऱ्या रीतीचं काही सांगितलं असं वाटलं. आधीचं सगळं फसलं ते यामुळेच तर, कुठल्याही वेळेला केलं म्हणून. पाणी चढत असताना चोळायचं, उतरत असताना हात लावायचा नाही, नाहीतर भरलेलं उतरेल. किती उघड होतं! भरतीची वेळ कशी काढायची ते तिने हुस्नबानोलाच विचारलं, सहज विचारल्यासारखं, कारण तिचे अब्बा उरणला मचव्यावर तांडेल होते, होडी हाकणारे. हुस्नबानो मशीन न थांबवता म्हणाली, "तिथीला तिनाने गुण, चाराने भाग. जो आकडा येईल तेवढ्या वाजता पाणी पूर्ण. अष्टमीला सहा. चतुर्थीला तीन. दिवसातून दोनदा." मग स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर चारुता पेन्सिलने बारीक आकडे लिहू लागली. सत्यजीतला वाटलं उपास धरलेत. तिने धरलेच होते एका परीने. पाच महिने ती पाण्याबरोबर उठली, पाण्याबरोबर बाथरूमचं दार लावून घेतलं, लायब्ररीत असली तर डबा घेऊन बायकांच्या खोलीत गेली. तो डबा स्टीलचा, झाकणाला कडी असलेला, आणि तोही तिने बक्षिसात मिळवलेला होता.

बक्षिसाची गोष्ट तिला आठवायची नव्हती, पण रिक्षा खड्ड्यातून गेली आणि ती आठवलीच. फेब्रुवारीत कॉलेजात बायकांसाठी शिबिर होतं. एक तरुण डॉक्टरीण रबराची छाती घेऊन आली होती आणि सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसत होत्या. महिन्यातून एकदा, पाळी गेल्यावर, आधी आरशासमोर, हात वर करून, मग बोटांच्या पेरांनी गोल गोल. रबराच्या आत कुठेतरी एक गाठ लपवली होती. जी पहिल्यांदा शोधेल तिला डबा. चारुताला ती तीन सेकंदांत सापडली. टाळ्या पडल्या. डॉक्टरीण म्हणाली होती, "बघा, किती सोपं आहे. आणि दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. कुठलीही नवी गाठ असो, दाखवायची." चारुताने मान हलवली होती आणि डबा पिशवीत टाकला होता. त्याच डब्यात ती तेलाची बाटली ठेवत आली, पाच महिने, आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता रिक्षात, दोन अनोळखी खांद्यांच्या मध्ये, तिला ते इतकं स्पष्ट दिसलं की तिने डोळे मिटून घेतले.

पण ती रबराची होती. ही आपली आहे. आपलं अंग आपल्याला फसवेल कशाला? श्रावणात पहिल्यांदा डाव्या बाजूला, खाली, बाहेरच्या अंगाला हाताला काहीतरी लागलं होतं, चिंचोक्याएवढं, तेव्हा ती बाथरूममध्ये एकटीच हसली होती. लागू पडलं! ठमाबाय म्हणाली होतीच की, दुधाची हाय. बारा वर्षांनी दूध कुठून येणार असा प्रश्न दुसऱ्या कुणाला पडला असता. चारुताला वाटलं, जे तेव्हा आलं नाही ते वाटेत कुठेतरी अडून बसलं होतं आणि आता येतंय. ती त्याच्याशी बोलूही लागली. मोठ्याने नाही. चढत्या पाण्याच्या वेळी तिथे हात ठेवला की आत काहीतरी कान देऊन ऐकत असल्यासारखं वाटे, दाराआड कुणी श्वास धरून बसावं तसं. भाद्रपदात तिला पेन्सिलच्या आकड्यांची गरज उरली नाही. लायब्ररीत पुस्तकांवर शिक्के मारता मारता डावी बाजू जड व्हायची आणि तिला कळायचं, पाणी फिरलं. घड्याळ बघावं तर मिनिटाचा फरक नाही. बाथरूममध्ये कधी कधी चिखलाचा वास यायचा, खारा, खाडीतल्या तिवरांच्या मुळांचा, चौथ्या मजल्यावर. आंघोळीनंतरही तळहाताला तो राही. ती हाताचा वास घेत उभी राही आणि तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटायचं ते वेगळंच. वाटायचं, कुणीतरी आपली वेळ पाळतंय. घरात दुसरं कुणी पाळत नाही.

फक्त एक गोष्ट तिने स्वतःलाही सांगितली नव्हती. आश्विनापासून ओहोटी लागायची, पण डाव्या बाजूचा जडपणा उतरायचा नाही.

विचुंब्याच्या नाक्यावर ती उतरली. रिक्षा स्टँडच्या मागे, औषधाच्या दुकानावर, एका लेडी डॉक्टरची पांढरी पाटी होती. चारुता रोज तिच्याखालून जात असे. आज तिने वर पाहिलं नाही. घरी कुणी नव्हतं, रेवा शाळेत, सत्यजीत बेलापूरला ऑफिसात; रजा फक्त तिचीच होती. चपला काढायच्या आधी तिने कॅलेंडर बघितलं. कार्तिक वद्य चतुर्दशी. चौदा त्रिक बेचाळीस, भागिले चार, साडेदहा. साडेदहाला पाणी पूर्ण झालं होतं. सकाळी तिने नेमाने चोळलं होतं. आता दुपारचे दोन, अर्धी खाडी रिकामी झाली असणार. या वेळेला हात लावायचा नाही. पाच महिन्यांत तिने एकदाही लावला नव्हता. आंघोळीला साबणसुद्धा तिथून वळवून न्यायची. ती पलंगावर बसली, उठली, पाणी प्यायली, पुन्हा बसली. मोलकरणीने वाळत घातलेल्या कपड्यांच्या तिने घड्या करून ठेवल्या. मग बेडरूममध्ये गेली, पडदा ओढला, आणि आरशासमोर उभी राहिली.

आधी आरशासमोर, हात वर करून. डॉक्टरिणीचा आवाज इतका जवळून आला की तिने मागे बघितलं. तिने दोन्ही हात वर केले. उजवी बाजू वर गेली, नेहमीसारखी, किरकोळ, 'तेच'. डावी गेली नाही. तिथे, खालच्या अंगाला, कातडी आत ओढली गेली, आतून कुणी बोटाने दोरा खेचून धरावा तशी. ती हात खाली करायची, खळगा जायचा. वर करायची, यायचा. तिने हे बऱ्याच वेळा केलं. आरशातली बाई शरण आल्यासारखी हात वर करत होती आणि खाली करत होती. मग चारुताने ओहोटीला हात लावला. वाटलं होतं, गाठ पाण्याबरोबर गेली असेल, मऊ लागेल, निदान लहान लागेल. ती तिथेच होती. चिंचोक्याची सुपारी झाली होती. सरकत नव्हती. दाबली तर दुखत नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आज ती ऐकत नव्हती. तिला चारुताशी काही देणंघेणं नव्हतं. दाराआड जे कुणी श्वास धरून बसलं होतं, ते तिची वेळ पाळत नव्हतंच, स्वतःची पाळत होतं. आपण पाच महिने त्याला तेल घातलं, असं चारुताच्या मनात आलं.

तिने ठमाबायला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग दिपिकाचा नंबर शोधला. "सासूबाय घरा नाय," दिपिका म्हणाली. मागे बाजाराचा गलका होता. "ओहटी हाय ना आता. खारीत गेली आसंल, खुबे काढाला." चारुता म्हणाली, बरं. तिने फोन ठेवला. काहीतरी तिच्या अगदी जवळून गेलं होतं आणि तिला ते धरता आलं नव्हतं. मग तिने स्टीलचा डबा पिशवीत टाकला, ओढणी घेतली आणि खाली उतरली.

खाडीकाठच्या गावापर्यंत रिक्षा गेली, पुढे बांधावरून चालायचं होतं. पाणी पार मागे गेलं होतं. काळा चिखल चकाकत होता आणि त्यावर बगळे एकमेकांपासून अंतर राखून उभे होते. वास आला. तोच, बाथरूममधला. चारुता थबकली. तिला वाटलं आपण इथे पूर्वी आलोय, रोज येतोय. चार-पाच बायका लुगड्याचे ओचे खोचून, चिखलात वाकून खुब्यांचे शिंपले वेचत होत्या. त्यांतली सगळ्यांत बुटकी बाई सरळ झाली, डोळ्यांवर हात धरून बघू लागली, आणि एवढ्या वर्षांनीही लगेच म्हणाली, "चारुता बाय नाय ती? यवढ्या लांब कुठं आलीस?"

"दाखवायला आले," चारुता म्हणाली. एवढंच तिला बोलता आलं.

ठमाबायने डबक्यात हात धुतले, पुन्हा धुतले, लुगड्याला पुसले. बांधाच्या आडोशाला, तिवरांच्या मागे, खाडीकडे पाठ करून ती बसली आणि चारुताला समोर बसवलं. कुणी दिसत नव्हतं. बायकांचं बोलणं लांबून येत होतं. ओढणीखालून तो रुंद, गार हात आत गेला आणि ठमाबायने सवयीने नजर वळवली, वर तिवराच्या पानांकडे. हाताने उजवी बाजू पाहिली, डावीकडे आला, फिरला, थांबला. बराच वेळ थांबला. चारुता तिच्या तोंडाकडे बघत होती. वसुंधराबाई खिडकीबाहेर बघत होत्या तेव्हा तिने असंच बघितलं होतं.

"दुधाची आहे ना?" तिने विचारलं.

"नाय," ठमाबाय म्हणाली. "कदीपासून?"

"श्रावणात लागली. पण तेल मी रोज लावलं, ठमाबाय. एकही दिवस चुकवला नाही. भरतीवरच लावलं. ओहोटीला हातसुद्धा नाही लावला, तुम्ही सांगितलंत तसं."

ठमाबायने पानांवरची नजर काढली आणि पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी काय सांगितला?"

"भरतीवर. ओहोटीला नाही. हात लाव."

"आगो माजे बाय," ठमाबाय हळू म्हणाली. "मी म्हनले, भरतीवर ये. ओहटीला येव नको, ओहटीला मी घरा नाय, हितं खारीत आसते. आदी मी हात लावून बगते, मंग तुला काय ते सांगते, आसा म्हनले. हात लावल्याबिगर मी कुनाला कदी औशद दिलंय? त्ये तेल निस्ता खोबऱ्याचा. तू येस्तवर अंगाला लावाला धाडला." ती थांबली. तिचा हात अजून तिथेच होता. "मी वाट बगितली गो. आज येल, उद्या येल. दर भरतीला घराच व्हते मी."

चारुताला पाच महिन्यांच्या सगळ्या भरत्या एकदम आठवल्या, पेन्सिलच्या बारीक आकड्यांसकट. तिकडे एक बाई दारात बसलेली, इकडे एक बाई दार लावून बसलेली, आणि मध्ये पाणी चढतंय, उतरतंय, चढतंय. तिने हसायला तोंड उघडलं आणि रडू आलं. मोठ्याने, गाव ऐकेल असं. चिखलातल्या बायका बोलायच्या थांबल्या. "मला भीती वाटते," ती म्हणाली. "ठमाबाय, मला खूप भीती वाटते हो. आणि मी खूश होते. रोज खूश होते." ठमाबायने तिला थोपटलं नाही की काही समजावलं नाही. नुसता हात ठेवून बसली, जसा ती बाळंतपणात ठेवायची. रडणं ओसरेपर्यंत बराच वेळ गेला. आणि मग, खाडीकडे पाठ असलेली ठमाबाय, मागे न वळता, हात तिथून न काढता, एकदम म्हणाली, "पानी फिरला."

चारुताने तिच्या खांद्यावरून, तिवरांच्या फटींतून पाहिलं. चिखलातली खेकड्यांची बिळं एकामागून एक भरत होती. बायका ओचे सावरत बांधाकडे निघाल्या होत्या. तिलाही ते त्याच क्षणी कळलं होतं, डावीकडून. ठमाबायला कुठून कळलं ते तिने विचारलं नाही. ठमाबायने आपला हात काढून घेतला, तळवा एकदा बघितला आणि लुगड्याला पुन्हा पुन्हा पुसला.

"ऊट बाय," ती म्हणाली. "आता भरती-ओहटी नाय बगाची. मी येते तुज्यासंग. तुज्याकडं जवल डाक्टरीन हाय का? कदी उगडी आसते ती?"

चारुताला ते पाठ होतं. पाच महिने रोज ती त्या पांढऱ्या पाटीखालून गेली होती. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ. त्याला कशाने गुणायचं नव्हतं, कशाने भागायचं नव्हतं. तिने पिशवीतून फोन काढून सत्यजीतचा नंबर लावला, आणि तो वाजत असताना वेळ बघितली. पावणेपाच झाले होते.